कळपातील आजी
(शहागंज येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शहागंजात सकाळच्या प्रहरी घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास बाजार गजबजू लागतो, तेव्हा तेथे एक दृश्य हटकून दिसते. मेथीच्या जुड्या पुढे मांडून एखादी वृद्ध बाई बसलेली असते आणि तिच्या पाठीशी पोत्यावर तीन-चार वर्षांचे मूल पेंगत असते. ते मूल तिच्या मुलाचे अथवा मुलीचे असते. त्याची आई त्या वेळी दुसऱ्या कोठल्या तरी कामावर गेलेली असते. ह्या दृश्याकडे कोणी वळून पाहत नाही, कारण त्यात नवल असे काही वाटत नाही. परंतु जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर ह्याहून नवलाची गोष्ट क्वचितच असेल. अपत्यजननाचे वय उलटून गेल्यावरही पुष्कळ वर्षे जगणारी आणि ती वर्षे आपल्या मुलांच्या मुलांसाठी वेचणारी मादी प्राणिसृष्टीत फारच थोड्या ठिकाणी आढळते. दुसरीकडे, वृद्ध मादीला पिले होणे पुरते थांबत नाही, तरी तिच्यावाचून कळपाचे पान हलत नाही, असेही काही प्राणी आहेत. कळपातील ह्या म्हातारीचे कार्य कोणते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

तिसरी-चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला ‘वानरांच्या टोळीचा प्रमुख कोण?’ असा प्रश्न टाकला, तर सारा वर्ग एका आवाजात ‘हुप्प्या’ असे उत्तर देतो. शिक्षकही ‘शाबास’ म्हणून पुढे जातो. उत्तर अगदीच चुकीचे नाही. परंतु ते अर्धे आहे आणि राहिलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे.

आपल्या जिल्ह्यातील मुलांना वानर दाखवावयास लांब जावे लागत नाही. वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला, कन्नडजवळचे गौताळ्याचे अभयारण्य, येथे काळ्या तोंडाची, करड्या अंगाची, लांब शेपटीची वानरे वर्षभर दिसतात. तांबूस तोंडाची माकडे निराळी. त्यांची आणि वानरांची गल्लत शिक्षकाने तरी करू नये. तर ह्या वानरांच्या टोळीत जो हुप्प्या मिरवताना दिसतो, तो वस्तुतः त्या टोळीतील पाहुणा होय. तो दुसऱ्या टोळीत जन्मलेला असतो. वयात आल्यावर तेथून बाहेर पडतो, काही काळ केवळ नरांच्या टोळक्यात हिंडतो, आणि संधी मिळताच एखाद्या टोळीतील जुन्या हुप्प्याला हुसकावून त्याची जागा घेतो. ती जागाही त्याला फार काळ लाभत नाही. अबूच्या पहाडावरील निरीक्षणात अशा नराची कारकीर्द सरासरीने दोन-सव्वादोन वर्षांचीच भरली. नंतर दुसरा कोणी येतो आणि त्याला घालवतो.

माद्या मात्र जेथे जन्मतात तेथेच जगतात आणि तेथेच मरतात. आजी, तिच्या मुली, मुलींच्या मुली, अशा तीन-तीन पिढ्या एका टोळीत एकत्र नांदतात. टोळीची हद्द कोणत्या ओढ्यापर्यंत, कोणत्या उंबराला केव्हा फळ धरते, उन्हाळ्यात पाणी कोणत्या कुंडात उरते, ह्या गोष्टी दोन वर्षांपुरत्या आलेल्या हुप्प्याने आणलेल्या नसतात. त्या टोळीत आधीपासूनच असतात. हुप्प्या बदलतो, टोळी तीच राहते. म्हणून टोळी कोणाची असे विचारले, तर ती माद्यांची, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

आता ह्या माद्यांत वृद्ध मादीचे स्थान काय? येथे वाचकाची आणि श्रोत्याची थोडी निराशा होण्याचा संभव आहे. कारण वानरांच्या टोळीत म्हातारीला मान नसतो. माकडांत आईची प्रतिष्ठा मुलीकडे येते आणि म्हातारपणीही ती बहुधा टिकते. वानरांत प्रकार उलट आहे. नुकत्याच वयात आलेल्या, भर तारुण्यातील माद्या सर्वांत वरच्या पायरीवर असतात, आणि वय वाढेल तशी मादी एकेक पायरी खाली उतरते. चांगल्या फांदीवरून तरुण मादीने हुसकले की म्हातारी मुकाट्याने उठते. ती टोळीच्या कडेला बसते, एकटी चरते. जन्मतः काळेभोर असणारे कोवळे पिलू टोळीत या हातातून त्या हातात फिरत असते. पण ते हौसेने उचलून नेणाऱ्या बहुतेक तरुण, अद्याप न व्यालेल्या माद्याच असतात. वरवर पाहणाऱ्याला वाटावे की, ही म्हातारी टोळीवर भार होऊन राहिली आहे.

तिचे खरे रूप संकटाच्या वेळी प्रकट होते. बेळगावच्या पलीकडे असलेल्या धारवाडच्या रानात युकिमारू सुगियामा ह्या जपानी शास्त्रज्ञाने १९६१ ते १९६३ ह्या काळात वानरांचे निरीक्षण केले. तेथे त्यांना दिसले की, नवा हुप्प्या टोळीचा ताबा घेतो तेव्हा आधीच्या नराची अंगावर पिणारी पिले तो मारून टाकतो. प्रथम ह्या गोष्टीवर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. पुढे सारा हर्डी ह्या अमेरिकन विदुषीने १९७१ ते १९७५ ह्या वर्षांत अबूच्या पहाडावर ह्याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. (हा भाग लहान मुलांना सांगावयाचा नाही हे उघड आहे; शिक्षकाला मात्र तो ठाऊक असावा.) हर्डीबाईंनी तेथील प्रत्येक वानराला नाव दिले होते. एका टोळीतील सर्वांत वृद्ध मादीचे नाव ‘सोल’ असे होते. एरवी ती कोणाच्या अध्यात ना मध्यात. परंतु नव्या नराने एका तरुण मादीच्या पिलावर झडप घातली, तेव्हा पुढे धावून गेली ती ही सोल, आणि तिच्यासोबत एक पंजा गमावलेली दुसरी वयस्क मादी. आकाराने आपल्याहून कितीतरी मोठ्या नराच्या अंगावर जाऊन ह्या दोघींनी पिलू त्याच्या तावडीतून सोडविले. आणि हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केले.

म्हातारीनेच का पुढे व्हावे? हर्डीबाईंनी ह्याचा जो उलगडा केला तो सरळ आहे. तरुण मादीपुढे अजून बरीच वर्षे आहेत. आज एक पिलू गेले तरी उद्या दुसरे होईल, आणि ती स्वतः जखमी झाली तर मात्र सर्वच बुडेल. सोलला आता पिलू होण्याची आशा नव्हती. तिच्या रक्ताचे जे काही टोळीत होते, ते त्या लहानग्यांतच होते. तिच्याजवळ गमावण्यासारखे थोडे आणि राखण्यासारखे पुष्कळ होते. नराला मात्र रोज नवा प्रयत्न करता येतो, त्यामुळे म्हातारीचा प्रतिकार दर वेळी सफल होतोच असे नाही. तथापि शेजारच्या टोळीशी हद्दीवरून तंटा झाला, अगर कुत्रे अंगावर आले, तर पहिल्या फळीत अशा कडेला बसणाऱ्या माद्या दिसतात, हे अनेक ठिकाणी आढळून आले आहे.

मधमाश्यांचा उल्लेख येथे केवळ एक गैरसमज दूर करण्यापुरता करावयाचा. ‘राणी माशी’ ह्या नावामुळे मुलांना वाटते की ती पोळ्यावर राज्य करते. ती राज्य करीत नाही. ती अंडी घालते. पोळ्यातील कामकरी माश्या तिच्या मुली असतात आणि त्या काही आठवड्यांतच मरतात, म्हणून तेथे आजी-नातीचा प्रश्नच उद्भवत नाही. गुराढोरांची गोष्ट मात्र गावातल्या गुराख्याला अवश्य विचारावी. म्हशींचे खांड पाण्यावर नेताना सर्वांत पुढे कोण चालते, असे विचारले तर तो बहुधा एखाद्या जुन्या, दोन-चार पारड्यांच्या आईकडे बोट दाखवील. भाषेने ‘भाकड’ हा शब्द जितका सहज वापरला आहे तितका सहज तो कळपाला लागू पडत नाही. दूध आटले म्हणजे मनुष्याच्या हिशेबातून ते जनावर उणे होते. कळपाचा हिशेब वेगळा असतो.

कळपातील आजीचा विषय निघाला की ज्याचे नाव प्रथम घेतले जाते तो प्राणी म्हणजे हत्ती. महाराष्ट्रात रानटी हत्ती कित्येक पिढ्यांना परका होता. २००२ मध्ये कर्नाटकातून काही हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्गाकडे उतरले. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून वीस-बावीस हत्तींचा एक कळप, पिलांसह, गडचिरोली जिल्ह्यात शिरला. गडचिरोलीतच कमलापूर येथे वनखात्याचे पाळीव हत्तींचे जुने ठाणे आहे, तेथील हत्तिणी मुलांनी चित्रांत पाहिलेल्या असतील. रानटी कळपाची बाब वेगळी. हत्तीच्या कळपात प्रौढ नर नसतात. वयात आलेला नर आईला सोडून निघून जातो. राहतात त्या आजी, मावश्या, मुली आणि त्यांची पिले. हत्तिणीला एक पिलू होण्यास बावीस महिने लागतात आणि ती साठ-सत्तर वर्षे जगू शकते. म्हणजे मनुष्याच्या आयुष्याशी तिचे आयुष्य जवळजवळ समांतर चालते.

आफ्रिकेत केनिया देशातील अंबोसेली येथे सिंथिया मॉस ह्यांनी १९७२ पासून हत्तींच्या एकेका कुटुंबाची नोंद ठेवण्यास आरंभ केला. कोणती हत्तीण कोणाची मुलगी, तिचे वय किती, हे सर्व तेथे लिहिलेले आहे. ह्या नोंदींच्या आधारे कॅरन मॅककोम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी निरनिराळ्या हत्तिणींचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि ध्वनिक्षेपकावरून ते दुसऱ्या कुटुंबांना ऐकविले. ज्या कुटुंबाची प्रमुख वयाने लहान होती, ते ओळखीचा आवाज असो की अनोळखी, सारख्याच घाईने पिलांभोवती गोळा होई. ज्याची प्रमुख वृद्ध होती, ते ओळखीच्या आवाजाकडे फारसे लक्ष देत नसे आणि अनोळखी आवाज येताच मात्र तत्काळ एकत्र येई. म्हातारीला शेकडो आवाज ठाऊक होते. भिण्याचे कारण कोणते आणि नुसता गलबला कोणता, हे तिला कळत होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात सिंहांच्या डरकाळ्या ऐकविल्या. नर सिंह एकट्यानेही हत्तीचे पिलू पाडू शकतो, सिंहिणीला ते कठीण जाते. दोन्ही डरकाळ्यांतील हा फरक साठीच्या पुढच्या हत्तिणींनी सर्वांत चांगला ओळखला. जो शिक्षक पहिलीच्या वर्गात वीस वर्षे बसला आहे, त्याला रडणाऱ्या मुलांपैकी कोण खरोखर आजारी आहे हे दारातूनच कळते; त्यातलाच हा प्रकार.

परंतु मराठवाड्याच्या श्रोत्याने विशेष लक्ष द्यावे अशी हकीकत टांझानियातील आहे. तेथील तारांगिरे ह्या राष्ट्रीय उद्यानात १९९३ साली मोठा दुष्काळ पडला. नऊ महिन्यांच्या अवधीत नोंदीतील ८१ पिलांपैकी १६ पिले मेली. एरवीच्या वर्षांत शंभरात दोन इतकेच मृत्यू होत. तेथे हत्तींचे तीन मोठे समूह होते. त्यांपैकी दोन समूह दुष्काळ वाढताच उद्यान सोडून बाहेर गेले. बहुधा पाणी व चारा जेथे मिळेल अशा जागी गेले असावेत. तिसरा समूह तेथेच राहिला आणि मेलेल्या पिलांपैकी निम्म्याहून अधिक त्याची होती. असे का झाले? त्या भागात आधीचा मोठा दुष्काळ १९५८ ते १९६१ ह्या वर्षांत पडला होता. बाहेर पडलेल्या समूहांत त्या काळी लहान असलेल्या, आईमागून चालत त्या वाटेने गेलेल्या हत्तिणी होत्या. राहिलेल्या समूहातील एकही हत्तीण तो दुष्काळ आठवण्याइतकी वयस्क नव्हती. ह्या समूहातील वृद्ध माद्या पूर्वी हस्तिदंतासाठी मारल्या गेल्या होत्या, असा संशोधकांचा कयास आहे. आफ्रिकेतील हत्तिणीलाही सुळे असतात आणि सर्वांत मोठे सुळे सर्वांत वृद्ध हत्तीचे, हे शिकाऱ्याला ठाऊक असते.

दोन दुष्काळांत तीस-बत्तीस वर्षांचे अंतर पडले, तर मधल्या पिढीला पहिला दुष्काळ ठाऊकच नसतो. तो ठाऊक असणारे कोणी जिवंत असावे लागते. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ आणि २०१२-१३ चा दुष्काळ ह्यांत चाळीस वर्षे गेली. १९७२ मध्ये जी मुलगी आईबरोबर खडी फोडावयाच्या कामावर गेली, सुकडी आणि मिलोची भाकरी जिने खाल्ली, ती आज साठी ओलांडलेली आजी आहे. गावातील कोणत्या आडाला अखेरपर्यंत पाझर होता, कोणता पाला शेळ्यांनी खाल्ला आणि त्या जगल्या, हे तिला ठाऊक आहे. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुनी माणसे सांगतात की, १९७२ मध्ये धान्य नव्हते पण विहिरींना पाणी होते. २०१२ नंतरच्या वर्षांत दुकानात धान्य होते आणि पाणी मात्र रेल्वेने लातूरला न्यावे लागले, तेही २०१६ मध्ये. म्हणजे आजीची आठवण खरी असली तरी भूमी बदलली की ती तशीच्या तशी उपयोगी पडत नाही. हत्तींच्या बाबतीतही हेच आहे. म्हातारी हत्तीण जुन्या वाटेने कळपाला घेऊन जाते आणि त्या वाटेवर कालवा, कुंपण किंवा भाताचे शेत आडवे येते. आणि गडचिरोलीत आलेल्या कळपाची अडचण तर अधिक मोठी. ज्या भूमीत त्यांतील एकाही प्रौढ हत्तिणीचे बालपण गेलेले नाही, त्या भूमीत ती सर्वांना वाट दाखवीत आहे. त्या भागातील माणसांचे जे हाल झाले, जीव गेले, पिके तुडविली गेली, त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण अशा कळपाला पांगविताना, किंवा त्यातील एखादा हत्ती पकडावयाचा झाल्यास, कोणता हत्ती पकडला जात आहे हा प्रश्न वनखात्याने अगोदर विचारावा, असे वरील हकीकतीवरून वाटते.

आफ्रिकेतील निष्कर्ष आशियातील हत्तीला जसेच्या तसे लावू नयेत, हेही सांगणे अवश्य आहे. श्रीलंकेतील उडावलावे येथील अभ्यासात असे दिसले की, आपल्याकडील हत्तिणींची कुटुंबे अधिक सैल असतात आणि सर्वांत वृद्ध हत्तीणच नेहमी नेतृत्व करते असे म्हणता येत नाही. परंतु नेतृत्व नसले तरी आजीपण असते. ब्रह्मदेशात लाकडाच्या कामावरील हत्तींच्या वंशावळी आणि जन्म-मृत्यू कित्येक दशके वह्यांतून लिहून ठेवलेले आहेत. त्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस वर्षांच्या आतील तरुण आईचे पिलू, त्याची आजी त्याच ठिकाणी राहत असेल तर, आजी जवळ नसलेल्या पिलापेक्षा मरण्याचा धोका आठपटीने कमी असतो, असे त्यातून निघाले. आई अनुभवी असेल तर आजीमुळे तितका फरक पडत नाही. ज्या हत्तिणीची आई जवळ असते तिला पुढचे पिलूही सुमारे वर्षभर लवकर होते. लाकडाच्या कामासाठी माय-लेकींना दोन वेगळ्या ठाण्यांवर पाठविणाऱ्या कारकुनाला ह्याची कल्पना नसणार.

हत्तिणीला उतारवयातही पिले होऊ शकतात. तिची रजोनिवृत्ती स्त्रीप्रमाणे ठरलेली नसते. रजोनिवृत्तीनंतर दीर्घकाळ जगणारे प्राणी समुद्रात आहेत. ज्या मुलांनी जायकवाडीपेक्षा मोठे पाणी पाहिलेले नाही, त्यांना हे चित्र काढून दाखवावे लागेल. ऑर्का, ज्याला किलर व्हेल असेही म्हणतात, हा देवमाशासारखा दिसणारा पण वास्तविक डॉल्फिनच्या कुळातील प्राणी आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत त्यांच्या काही कुटुंबांची गणती १९७० नंतरच्या दशकापासून चालू आहे. त्यात मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईजवळ राहतात. मादीला चाळिशीपर्यंत पिले होतात, आणि ती ऐंशी-नव्वद वर्षेही जगू शकते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, सामन माशांच्या शोधात निघालेल्या कुटुंबाच्या अग्रभागी बहुधा अशी पिले होण्याचे थांबलेली वृद्ध मादी असते. आणि ज्या वर्षी मासा कमी, त्या वर्षी तर ती विशेषच पुढे असते. सुबत्तेच्या वर्षी कोणीही वाट दाखवू शकतो. तिचा आधार मोठ्या मुलांनाही किती लागतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून कळते. तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली, तर पुढील वर्षभरात तो मरण्याची शक्यता चौदापटीने वाढते. ह्या कुटुंबांतील जिला सर्वजण ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणत, ती ऑक्टोबर २०१६ मध्ये शेवटची दिसली. प्रारंभी तिचे वय शंभराच्या वर असल्याचे म्हटले जाई; नंतरच्या अंदाजात ते बरेच खाली आले. वृत्तपत्रांनी मात्र पहिलाच आकडा उचलला, तो वर्गात सांगू नये.

मनुष्याची आजी इतकी का जगते, ह्या प्रश्नाचे एक उत्तर जॉर्ज विल्यम्स ह्यांनी १९५७ मध्ये सुचविले होते. उतारवयात नवे मूल जन्माला घालण्याचा धोका पत्करण्यापेक्षा, असलेल्या मुलांकडे व त्यांच्या मुलांकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरत असावे, असे ते उत्तर आहे. पुढे क्रिस्टन हॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा ह्या रानावर जगणाऱ्या लोकांत पाहिले की, म्हाताऱ्या बायका कठीण जमिनीतून कंद उकरण्यात तरुणींच्या मागे नसतात. धाकटे मूल जन्मले म्हणजे थोरल्याचे पोट आजीच्या कंदांवर भरते. लहान मुलाला ती जमीन खणता येत नाही; मध्ये आजी असते म्हणून आईला दुसऱ्या मुलाचा विचार करता येतो.

हा विषय प्राथमिक शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण येथे येते. दिवाळी आटोपली की कन्नड, पैठण ह्या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून गाड्या भरून माणसे उसाच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाची उचल घेतलेली; परत येणे शिमग्यानंतर. त्या चार-पाच महिन्यांत मूल फडावर जाते की वर्गात राहते, हे पुष्कळदा एकाच गोष्टीवर ठरते: घरी आजी आहे की नाही, आणि ती अजून चुलीपुढे बसू शकते की नाही. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत मुलाला गावातच ठेवून जेवण दिले जाते. परंतु रात्री ताप आलेल्या मुलाला जवळ घेणारी शेवटी तीच असते. हाड्झांची कंद उकरणारी म्हातारी आणि ही बाई एकाच कार्याला लागलेल्या आहेत.

आणि शाळेच्या दप्तरात तिचे स्थान कोठे आहे? हजेरीपटावर आईचे नाव, बापाचे नाव. माता-पालकांची सभा बोलाविली जाते, तेव्हा आई साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात ऊस तोडीत असते आणि आजी ओसरीवर बसून असते; तिला निरोप जात नाही, कारण ती ‘माता’ नाही. गेला तर ती संकोचते, कारण अंगठा उठवावा लागेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीचे तीनचतुर्थांश सदस्य आई-बाप अथवा पालक असावेत असे म्हटले आहे. त्यात ‘पालक’ हा शब्द आहे. ज्या शाळेतील मुलांची घरे हंगामात आजीच्या हाती असतात, त्या शाळेने नोव्हेंबर ते मार्चमधील सभेचा निरोप आजीच्या नावाने पाठवावा. तसा निरोप पाठविण्यास कोणत्याही परिपत्रकाची आडकाठी दिसत नाही.

वानर, हत्ती आणि ऑर्का ह्यांच्याकडून आजीने कसे वागावे ह्याचा धडा काढू नये. वानरांत म्हातारीला कडेला बसवितात, आफ्रिकेच्या हत्तींत तिच्या मागून चालतात. निसर्गात दोन्ही आहे, आणि मनुष्याने कोणते घ्यावे हे निसर्ग सांगत नाही. साठी उलटलेल्या बाईने चार नातवंडे सांभाळावीत हे तिचे कर्तव्यच आहे असे म्हणण्यासाठी कोणी हत्तिणीचा दाखला देऊ लागला, तर त्याला थांबविले पाहिजे. तिचे गुडघे दुखतात, ही गोष्टही त्या हिशेबात धरावयास हवी.

निरीक्षणाच्या दृष्टीने एक सूचना करता येईल. दौलताबाद अगर वेरूळ येथे सहल नेताना मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी आणि एकाच टोळीकडे अर्धा तास लांबून पाहावयास सांगावे. खाऊ मुळीच देऊ नये. खाऊ दिला की टोळीची सारी रीत मोडते आणि चावण्याचा धोका वाढतो. हुप्प्या कोठे बसला आहे हे तर सर्वच लिहितील. त्याखेरीज तीन गोष्टी लिहावयास सांगाव्यात. काळे पिलू किती माद्यांच्या हातातून गेले? फांदीवरून कोण कोणाला उठविते? आणि कुत्रे भुंकले, तर सर्वांत आधी कोण उठून पाहते? एक मादी बहुधा अंगावरचे केस विरळ झालेली, ओठ लोंबणारी, इतरांपासून थोडी दूर, तटाच्या दगडावर पाठ टेकून बसलेली आढळेल. तिच्यासाठी वहीत एक वेगळा रकाना ठेवावा, आणि त्या अर्ध्या तासात तिने काय केले ते मुलांनी घरी जाऊन आपापल्या आजीला वाचून दाखवावे.